चालीचा करंडक

कॉलेजच्या नाटकवाल्यांबद्दल कुणीतरी म्हणालं, "करंडक नाही तर वर्ष फुकट." हे म्हणणं काही पटलं नाही. 2022 साली तर पुरुषोत्तम करंडक या पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, म्हणून काय त्या पोरांच्या तालमी वाया गेल्या? (निर्णय मला तरी योग्यच वाटला होता, पण तो वाद वेगळा.)

आमची एकांकिका या स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतच गारद. मी लंगडा पोस्टमन. दोन महिने रोज रात्री तालीम, वर दिग्दर्शकाची सक्त ताकीद, कँटीनला जातानाही लंगडतच जायचं. भरत नाट्य मंदिरात प्रयोग झाला, घसा बसेस्तोवर 'आवाज कुणाचा'च्या घोषणा झाल्या, आणि गणपतीला घरी गेलो तर आई दारातच म्हणाली, "पायाला काय झालं रे?" मला पत्ताच नव्हता! चपला बघितल्या तर डावीचा अंगठ्याकडचा भाग घासून पार पातळ, उजवी जवळजवळ नवी. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, सगळी कथा ऐकली आणि म्हणाले, "पोस्टमनला आता रिटायर कर बाबा." दिवाळीपर्यंत काही तो झाला नाही. अजूनही दमून घरी आलो की बायको आतूनच ओरडते, "पोस्टमन आला!"