तहाचे लग्न आणि साताऱ्याची गादी

एव्हरिना मॅक्सवेल यांच्या 'विंटर्स ऑर्बिट' (२०२१) या विज्ञान कादंबरीमध्ये राजकारणामुळे प्रेमकथेचा रस उणावतो, हे मत मला पटत नाही. जोडीदार जाऊन जेमतेम महिना झालेला असताना केवळ साम्राज्याशी झालेला तह टिकावा म्हणून मांडलिक ग्रहाचा प्रतिनिधी असलेल्या जैननचे पुन्हा लग्न लावले जाते, आणि त्यामुळेच त्याच्या प्रत्येक अतिविनम्र उत्तरामागचे भय मनाला भिडते.

दुबळ्या पक्षाला तहाचा आधार किती तकलादू असतो, हे आमच्या साताऱ्याने अनुभवले आहे. १८१९ च्या तहाने उभे राहिलेले राज्य कंपनीने १८४८ साली आप्पासाहेब महाराजांच्या निधनानंतर दत्तक नामंजूर करून खालसा केले. कादंबरीतली तहाच्या नूतनीकरणाची प्रकरणे मी राजवाड्यासमोर बसून वाचली, आणि पुस्तक मिटून बराच वेळ त्या जुन्या भिंतींकडे पाहत राहिलो.