दिव्यांच्या कार्यक्षमतेचे नियम आणि ग्राहकाची निवड

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर)
अमेरिकेत २००७ च्या कायद्याने प्रत्येक वॅटमागे किमान ४५ ल्युमेन प्रकाशाची अट घातली आणि ऑगस्ट २०२३ पासून तिची पूर्ण अंमलबजावणी सुरू झाल्यावर साधे पिवळे बल्ब तिथल्या बाजारातून जवळपास हद्दपार झाले. युरोपने हे काम २००९ पासूनच हाती घेतले होते. वीजबिल मी माझ्या खिशातून भरत असताना घरात कोणता दिवा लावायचा हे सरकारने का ठरवावे?

उत्तर (राजारामपुरी, निवृत्त विद्युत अभियंता)
बिल आपण भरता हे खरे. परंतु दिवेलागणीला सगळे शहर एकदम वीज मागते, तेव्हा त्या दोन-तीन तासांसाठी लागणारी रोहित्रे आणि वाहिन्या सर्वांच्या पैशांतून उभ्या राहतात. तारेच्या बल्बमध्ये सुमारे ९५ टक्के वीज उष्णतेत जाते. ६० वॅटच्या बल्बऐवजी ९ वॅटचा एलईडी रोज पाच तास लावल्यास वर्षाला सुमारे ९३ युनिट वाचतात. शिवाय भाड्याच्या खोलीत दिवा घरमालक बसवतो आणि बिल भाडेकरू भरतो. तिथे ग्राहकाची निवड म्हणायची तरी कोणाची?

उत्तर (गुजरी, सोनारकाम)
वीज वाचावी हे मान्य, पण आमचे काम रंगावर चालते. रंग किती खरा दिसतो हे सांगणारा सीआरआय हा आकडा तारेच्या बल्बसाठी जवळपास १०० असतो, तर स्वस्त एलईडीत तो ८० च्या आसपास राहतो; त्या उजेडात माणिक फिके दिसते आणि डाग देऊन सांधलेल्या जागेचा रंग जुळला की नाही, हे नीट कळत नाही. ९० च्या वरचे एलईडी मिळतात, मात्र बहुतेक खोक्यांवर वॅट ठळक असतात आणि हा आकडा शोधावा लागतो. नियम करायचाच असेल, तर आधी हा आकडा छापायला लावावा.

उत्तर (हातकणंगले, कुक्कुटपालन)
पहिल्या आठवड्यात पिलांना साधारण ३३ ते ३५ अंश ऊब लागते. पिले बल्बखाली एकमेकांवर चढू लागली की ऊब कमी पडते आहे आणि कडेला पांगली की जास्त झाली आहे, हे ओळखून आम्ही बल्ब खाली-वर करतो. ज्या उष्णतेला आपण वाया गेलेली म्हणता, तीच आम्ही विकत घेतो. अमेरिकेच्या कायद्यानेही मुख्यतः ऊब देणारे इन्फ्रारेड दिवे वगळले आहेत.

प्रश्नकर्ता
भाडेकरूचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. तरीही २०१५ च्या उजाला योजनेत सरकारने घाऊक खरेदी करून एलईडीची किंमत उतरवली आणि लोकांनी कोणत्याही बंदीविना तो कोट्यवधींच्या संख्येने घेतला. म्हणून आपल्याकडे बंदीची घाई करू नये, या मतावर मी ठाम आहे.