१ जीबीची मेमरी पेजेस लिनक्सने आपणहून द्यावीत का?

खराडी_बॅकएंड: आमच्या पोस्टग्रेस (डेटाबेस) सर्व्हरची रॅम २५६ जीबी, त्यातली ६४ शेअर्ड बफर्सना, म्हणजे सगळ्या कनेक्शन्सच्या सामाईक मेमरीला. कनेक्शन्स ३०० पर्यंत चढली की मेमइन्फोमध्ये (लिनक्सच्या मेमरीच्या हिशोबात) पेजटेबल्सचा, म्हणजे कुठलं पेज रॅममध्ये कुठे आहे त्या नोंदींचा, आकडा भयंकर फुगतो. ट्रान्स्परंट ह्यूज पेजेस (नेहमीच्या ४ केबीऐवजी २ एमबीची पेजेस आपोआप देण्याची सोय) 'ऑलवेज'वर आहेत, तरीही. प्रोसेसरला १ जीबीचं पेज चालतं, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) ते आपोआप का देत नाही?

नारायणपेठ_डीबीए: ताई, आधी तुमचा आकडा बघू. पोस्टग्रेसमध्ये दर कनेक्शनला वेगळी प्रोसेस आणि तिचं वेगळं पेज टेबल. ६४ जीबी ४ केबीच्या पेजेसमध्ये मांडायची तर दीड कोटीच्या वर नोंदी, नोंदीला ८ बाइट, म्हणजे १२८ एमबी. तीनशेच्या तीनशे प्रोसेस सगळ्या बफर्सवरून फिरल्या तर ३७ जीबी नुसत्या टेबलांत गेली! २ एमबीच्या पेजेसवर हेच प्रोसेसमागे २५६ केबीत भागतं. तुमचं 'ऑलवेज' अनॉनिमस, म्हणजे प्रोसेसच्या खाजगी, मेमरीपुरतं आहे. शेअर्ड मेमरीचं सेटिंग वेगळं, आणि ते सहसा बंदच असतं.

२ एमबी आपोआप मिळावीत, हे मला मनापासून पटतं; २०११ च्या २.६.३८ कर्नलपासून ती सोय आहे. १ जीबीची मात्र ज्याला हवीत त्याने मागून घ्यावीत; आपोआप द्यायला माझा ठाम विरोध. एका पेजसाठी सलग २,६२,१४४ छोटी पेजेस मोकळी हवीत. बरेच दिवस चालू असलेल्या मशीनवर ती कुठून आणायची? कर्नल सरकवासरकव करत बसणार आणि तोवर कुणाची तरी क्वेरी अडकणार. रेडिसवाले (तोही एक डेटाबेस) तर २ एमबीचीच आपोआप पेजेस बंद करा म्हणतात, कारण फोर्कनंतर (प्रोसेसची प्रत काढल्यावर) एक बाइट बदलला तरी २०२० च्या ५.८ कर्नलआधी अख्खं पेज कॉपी व्हायचं. तिथे १ जीबीचं पेज असतं तर काय झालं असतं बघा.

कोथरूड_केव्हीएम: दादा, पण मागून घ्यायला आधी माहीत तर हवं! बहुतेक सर्व्हर डिफॉल्टवरच आयुष्य काढतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये टीएलबी मिस (पेजचा पत्ता प्रोसेसरच्या छोट्या कॅशमध्ये न सापडणं) कितीतरी महाग पडतो, तिथे मोठ्या पेजचा फायदा खरा आहे.

नारायणपेठ_डीबीए: फायदा खराच. म्हणूनच होस्टवर (ज्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन्स चालतात त्यावर) बूट होतानाच १ जीबीची पेजेस राखून ठेवावीत, तेव्हा सलग जागा हमखास मिळते. प्रोग्रॅमने स्वतः मागितली तर द्यावीत, त्यालाही माझी हरकत नाही. न मागता कुणाच्या गळ्यात मारू नयेत, एवढंच.

ताई, तुम्हाला २ एमबीच पुरतील. किती राखायची ते पोस्टग्रेस १५ पासून तोच सांगतो. त्याचं 'ह्यूज_पेजेस' हे सेटिंग मात्र 'ट्राय'वर ठेवू नका, जागा कमी पडली तर तो गुपचूप ४ केबीवर येतो. 'ऑन' करा, म्हणजे सुरू होतानाच अडेल आणि लगेच कळेल.