कुत्र्याला घेऊन वायनरीत जाताना

नाशिकच्या वायनरीत (वाइन बनवतात तिथे) कुत्र्याला घेऊन जावं का, असा प्रश्न पडलाय? जा की! आम्ही आमच्या बंड्याला फेब्रुवारीत नेलं होतं. फक्त फोनवर 'कुत्रा चालेल का' एवढंच विचारू नका, 'कुठपर्यंत चालेल' हेही विचारा. आम्हाला 'हो' म्हणाले आणि तिथे गेल्यावर कळलं की फक्त बाहेरच्या अंगणात! मग काय, टाक्या आणि पिंपं बघायला आम्ही आळीपाळीने गेलो.

वायनरीच्या द्राक्षबागेत मात्र जपायला हवं. द्राक्षं कुत्र्यांना विषारी असतात, ताजी असोत की बेदाणे. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ली तर बाधतील याचा नेम नाही, एखाद्याला थोडीही भोवतात. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीची फळं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, म्हणजे पर्यटकांच्या गर्दीच्या दिवसांतच वेलींखाली मणी पडलेले असतात. शिवाय डावणी-भुरी या द्राक्षांवरच्या बुरशीजन्य रोगांसाठी फवारण्या झालेल्या असतात त्या वेगळ्याच. बंड्याने एक मणी तोंडात धरलाच होता, बोट घालून काढला! तेव्हापासून पट्टा आखूड. खाल्लंच तर लक्षणांची वाट न बघता लगेच पशुवैद्याकडे न्या.

वाइन टेस्टिंगचं म्हणाल तर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन आवडली, शिराझ ही लाल वाइन माझ्यासाठी जरा जड. ज्याच्या हातात पट्टा आणि गाडीची किल्ली, त्याने फक्त वास घ्यायचा (आमच्याकडे तो मान माझ्या नवऱ्याला मिळाला). पाण्याचं भांडं घरूनच न्या, दुपारी फरशी चांगलीच तापते.