‘द पॉनब्रोकर’: जखम दाखवायची की झाकलेलीच ठेवायची?

पारवा

परवा रात्री ‘द पॉनब्रोकर’ पुन्हा पाहिला. दिग्दर्शक सिडने ल्युमेटचा, १९६४चा, कृष्णधवल. कॉलेजात असताना लावला होता तेव्हा अर्ध्यात झोप लागली होती, हे आधीच कबूल करतो.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: सोल नेझरमन जर्मनीत प्राध्यापक होता. नाझींनी बायको मारली, दोन्ही मुलं गेली, हा एकटा उरला. आता न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये गहाणवटीचं दुकान चालवतो. जाळीमागे उभा राहतो, वस्तू हातात घेऊन उलटसुलट करतो, दोन डॉलर म्हणतो. समोरच्याने रड सांगितली तरी दोनच. मिस्टर स्मिथ नावाचे एक म्हातारे गृहस्थ काहीबाही गहाण टाकायला येतात. त्यांना पैशाची तेवढी गरज नसते, चार घटका तत्त्वज्ञानावर बोलायला माणूस हवा असतो. सोल त्यांच्याकडे धड बघतही नाही. मला अख्ख्या सिनेमात सगळ्यात जास्त तेच लागलं. एके काळी वर्गात शिकवणारा हा माणूस, आणि आता समोर आपणहून विद्यार्थी येऊन उभा आहे तर त्याला वाटेला लावतोय.

माझं म्हणणं एवढंच की नाझी छावणीतून वाचलेल्यांवरच्या सिनेमांत ‘वाचणं’ ही बहुधा आनंदाची गोष्ट असते. दार उघडतं, सैनिक येतात, संगीत सुरू. इथे वाचणं हीच शिक्षा आहे, आणि ल्युमेट ती गोड करत नाही. हे त्याने १९६४ साली केलं. तेव्हा या दुखण्याला मानसोपचाराच्या पुस्तकात धड नावही नव्हतं.

मीठभाकर

असहमत, आणि जरा तावातावानेच लिहितो.

पहिलं म्हणजे तो शेवट. सोलच्या हाताखाली हेसूस ओर्तिझ नावाचा पोर्तोरिकन पोरगा आहे. धंदा शिकायची हौस असलेला, बडबड्या, जिवंत. दुकानावर दरोडा पडतो, पोरगा सोलच्या आड येऊन गोळी खातो. मग सोल रस्त्यावर त्याच्याशेजारी बसून तोंड वासतो, आवाज फुटत नाही. आत येऊन पावत्या खोचायच्या टोकदार सळईवर स्वतःचा तळवा दाबतो. पोराचं नाव हेसूस, म्हणजे येशू, आणि सोलच्या हाताला खिळ्याची जखम! ज्यू माणसाच्या दुःखाला शेवटी ख्रिस्ती चौकटीत बसवायचं काय नडलं होतं? आणि एका गोऱ्या माणसाला रडू यावं म्हणून हार्लेममधल्या गरीब पोराने मरायचं, हा हिशेब मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

दुसरं, ज्यू सावकार! शेकडो वर्षं ज्या चित्रावरून या लोकांना झोडपलं तेच चित्र पुन्हा पडद्यावर. त्या काळी काही ज्यू संघटनांनीही सिनेमावर बहिष्कार टाका म्हटलं होतं. कृष्णवर्णीयांचीही तक्रार होतीच, की आमच्या वस्तीत काय फक्त दलाल, वेश्या आणि गर्दुल्लेच राहतात?

पारवा

मीठभाकर, सावकाराचा मुद्दा सिनेमा स्वतःच अंगावर घेतो की. ओर्तिझ विचारतो, तुम्हा लोकांना धंदा एवढा कसा जमतो? त्यावर सोल जे लांबलचक, कडू उत्तर देतो ते परत ऐका. हजारो वर्षांची भटकंती, नावावर जमीन नाही, हातात काय ते व्यापाराचं चिरगूट. तो प्रतिमेची टर उडवतोय, आणि ती उडवताना स्वतःच त्या प्रतिमेत शिरतोय.

शेवटाचं मात्र... हेसूस नाव मलाही खुपलं. तिथे वकिली करत नाही.

तिसरी घंटा

मी संकलनाचं काम करते, त्यामुळे माझा सगळा जीव वेगळ्याच ठिकाणी अडकला.

यातल्या आठवणी येतात कशा बघा. त्या काळची ठरलेली पद्धत म्हणजे पडदा धूसर, पाण्यासारखी थरथर, ‘त्या दिवसांत...’. इथे संकलक राल्फ रोझेनब्लमने तसलं काही केलेलं नाही. गल्लीत पोरं एकाला जाळीशी घेरून बदडतायत, कुत्रं भुंकतं, आणि मोजक्या फ्रेमांपुरतं छावणीचं कुंपण येऊन जातं. डोळ्याला दिसलं की नाही कळायच्या आत गायब. मग पुन्हा, जरा जास्त वेळ. मग आणखी. शेवटी तो तुकडा इतका लांबतो की वर्तमानच मागे पडतो. सेकंदाला चोवीस फ्रेमा पळतात, त्यातल्या दोन-चार फ्रेमांचं काय मोल, असं आम्हाला सुरुवातीला वाटायचं. याने दाखवलं.

अंगठीचं दृश्य आठवा. पोटुशी मुलगी साखरपुड्याची अंगठी घेऊन येते. सोल म्हणतो, काच आहे. आणि लगेच काटेरी तारेवर टेकलेले ओळीने हात, त्यांच्या बोटांतून अंगठ्या काढून घेणारा एक हात. संवाद नाही. तो मुलीशी इतका तुटक का वागला ते तुम्हाला कळलं, तिला कधीच कळणार नाही.

मेट्रोचा डबाही तसाच. कॅमेरा गर्दीवरून फिरतो आणि फिरताफिरताच तो मालगाडीचा डबा होतो, ज्यात त्याचा मुलगा गेला.

मीठभाकर

घंटाताई, कारागिरी मान्य, पण मला नेमकं तेच खोटं वाटतं. आठवण अशी बटण दाबल्यासारखी येते का? कुत्रं भुंकलं की कुंपण, अंगठी दिसली की अंगठी. जोड्या लावा! शाळेतला प्रश्न झाला हा. शिवाय त्यातून हार्लेम बरोबर छावणी असं समीकरण तयार होतं. हार्लेममध्ये गरिबी होती, वंशभेद होता, सगळं होतं, पण तिथल्या माणसांना गाड्यांत कोंबून मारायला नेत नव्हते.

याच्यापुढे बर्नाबास टोटचा २०१९चा हंगेरियन ‘दोज हू रिमेन्ड’ बघा. बुडापेस्ट, १९४८. आल्दो नावाचा स्त्रीरोगतज्ज्ञ, बायको-मुलं छावणीत गेलेली. क्लारा, सोळा वर्षांची, आईबाप परत येतील म्हणून त्यांना पत्रं लिहीत बसणारी. दोघं एकमेकांना धरून राहतात. सिनेमाभर एकदाही छावणी दाखवलेली नाही. तो तिला फोटोंचा अल्बम देतो आणि ती पाहत असताना स्वतः तिथे थांबत नाही. बस. त्या रिकाम्या खोलीत मला जे दिसलं ते ल्युमेटच्या शंभर तुकड्यांत नाही दिसलं.

डॉ. चष्मा

व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ, त्यामुळे मीठभाकर यांच्या ‘बटण’ प्रश्नाला उत्तर देणं भाग आहे. होय, येते. वासाने, आवाजाने, एखाद्या हालचालीने. आणि ती ‘आठवली’ असं वाटत नाही, ‘आत्ता घडतंय’ असं वाटतं. अपघातातून वाचलेला माझा एक रुग्ण डिझेलच्या वासाने अजून ताठ होतो.

पण पारवा यांचं ‘धड नावही नव्हतं’ हे अर्धंच खरं. मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा ताणाचा विकार, १९८० साली आलं हे बरोबर. मात्र विल्यम नीडरलँड हे स्वतः जर्मनी सोडून आलेले मनोविश्लेषक साठच्या दशकातच ‘सर्व्हायव्हर सिंड्रोम’बद्दल लिहीत होते. ते लिहावं लागलं त्यामागचं कारण संतापजनक आहे. पश्चिम जर्मनी नुकसानभरपाई द्यायची, पण मनाच्या आजारासाठी अर्ज केला की तिथले तपासनीस डॉक्टर अनेकदा शेरा मारायचे: निरोगी माणूस अशा अनुभवातून कालांतराने सावरतो, हा सावरला नाही म्हणजे मुळात प्रकृतीच अशी. म्हणजे दोष पुन्हा वाचलेल्याचाच. सोलचं ते थंडपण बघताना मला हे शेरे आठवत होते.

जाताजाता: सोलची वेदना दाखवणारं एक दृश्य सेन्सॉरच्या कचाट्यात सापडलं होतं. ओर्तिझची मैत्रीण पैशासाठी सोलसमोर वस्त्र उतरवते आणि त्याला छावणीतली बायको दिसते. हॉलिवूडच्या आचारसंहितेने अपवाद करून ते सोडलं, कॅथलिक ‘लीजन ऑफ डिसन्सी’ या संघटनेने मात्र सिनेमाचा निषेध केला. छावणीचं त्यांना काही वाटलं नाही, उघड्या छातीचं वाटलं.

नवगावकर

मी एरवी फक्त वाचते. आज लिहिते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. मम्मी-पप्पा रायगडातून इथे इस्राएलमध्ये, अशदोदला आले. घरात मराठी. कोकणातल्या आमच्या माणसांना युरोपची ती आग कधी लागली नाही, त्यामुळे हे दुःख आमचं आणि आमचं नाही, असं दोन्ही. मम्मीने बरीच वर्षं वृद्धाश्रमात रात्रपाळी केली. तिथे छावणीतून आलेल्या आज्या होत्या.

एक हंगेरीची होती. दिवसभर व्यवस्थित, पत्ते खेळायची, चिडवायची. आंघोळीची वेळ आली की दगड. शॉवरखाली जायची नाही; छावणीत विषारी वायूच्या खोल्यांना शॉवरच म्हणायचे. कुणी ओढलं तर खाटेची दांडी धरून बसायची. नव्या मुली वैतागायच्या. मम्मीने काय केलं, एक बादली आणली, त्यात ऊन पाणी काढलं, दार सताड उघडं ठेवलं, बाहेर पडदा लावला आणि तांब्याने तिच्या खांद्यावर पाणी घातलं. आपल्याकडे घालतात तसं. पहिला तांब्या घालायच्या आधी तिच्याच हातावर ओतून दाखवायची, पाणीच आहे म्हणून. त्यानंतर ती मम्मीच्याच पाळीत आंघोळ करायची.

तिच्या डोळ्यांपुढे त्या वेळी चित्र यायचं का, माहीत नाही. तिने कधी सांगितलं नाही, मम्मीने विचारलं नाही. तुमच्या दोन्ही सिनेमांबद्दल मला एवढंच वाटतं की सिनेमावाल्यांना आठवण म्हणजे चित्र वाटतं. मम्मीला ती खाटेच्या दांडीवर दिसायची.

तिसरी घंटा

नवगावकर, हे वाचून दहा मिनिटं काही टंकता आलं नाही.

तरी एक म्हणते. ल्युमेटकडेही अशी एक दांडी आहे. समाजसेविका मॅरिलिन तिच्या घरात सोलपुढे हात करते. खिडकीबाहेर रेल्वेचं यार्ड. तो हात तसाच हवेत राहतो आणि सोल निघून जातो. तिथे छावणी मधे आणायची गरज पडलेली नाही.

मीठभाकर

ते दृश्य मी विसरलो होतो. मान्य. सगळा सिनेमा तसा असता तर हा वादच झाला नसता. ओर्तिझबद्दलचं माझं म्हणणं मात्र तसूभरही मागे घेत नाही.

पारवा

नका घेऊ. मीही सोलला सोडत नाही. पण ‘दोज हू रिमेन्ड’ या रविवारी बघतो.

नवगावकरताई, एक विचारू? शॉवरच्या देशात बादली-तांब्या मिळाला कुठे?

नवगावकर

बादली इथल्या बाजारातली, प्लास्टिकची, निळी. तांब्या पेणचा. मम्मी येताना घेऊन आली होती, पप्पा म्हणत होते कशाला ओझं.