'मेलो' की 'मेली'? नायिका असलेले व्हिडिओ गेम्स आणि आपण

निशिगंध

गेले दोन आठवडे धाकट्या भावाच्या शेजारी बसून तो खेळतो ते बघते आहे. सध्या 'टूम रेडर', २०१३चा. त्यात एके ठिकाणी नायिका लारा नदीच्या लोंढ्यात सापडते. समोरून गंजलेले पाइप आणि सळया येत राहतात, आणि डावी-उजवीकडे वळायला जेमतेम अर्धा क्षण मिळतो. त्याचं वळण चुकलं आणि सळई तिच्या गळ्यातून आरपार गेली. तो ओरडला, "मेलो!"

"मेली" नाही. "मेलो."

तेव्हापासून मी कान देऊन ऐकायला लागले. उडी चुकली की "पडलो". 'हॉरायझन झीरो डॉन'मध्ये नायिका ॲलॉयने यंत्राच्या पोटाखालची टाकी बाणाने उडवली की "उडवली मी!" उलट मी लहानपणापासून जे गेम खेळले त्यांत सैनिक, चोर, पोलीस, झाडून सगळे पुरुष. त्या सगळ्यांच्या मरणावर मी "मेले" म्हणत आले आणि मला ते कधी खटकलंही नाही. आपल्या भाषेत 'मी'सोबत येणारी 'मेलो', 'पडलो' अशी क्रियापदं बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतात. पडद्यावर कोणीही असो, मरतो तो कंट्रोलर हातात असलेला माणूस.

म्हणून जुना दावा आठवून राग येतो. मुलग्यांना बाईच्या भूमिकेत शिरता येत नाही, त्यामुळे नायिका खपत नाही, हा तो दावा. 'रिमेंबर मी' (२०१३) करणाऱ्या फ्रेंच स्टुडिओने उघड सांगितलं होतं की नायिका आहे म्हणून प्रकाशक मागे सरले. त्यांच्याच 'लाइफ इज स्ट्रेंज'च्या (२०१५) वेळी तर एक प्रकाशक सोडून बाकीच्यांनी नायिकेच्या जागी नायक मागितला. आणि वर उल्लेखलेल्या 'टूम रेडर'च्या निर्मात्याने २०१२ साली मुलाखतीत सांगितलं की खेळणाऱ्याला लाराचं रक्षण करावंसं वाटतं. माझ्या भावाला कोणाचं रक्षण वगैरे करायचं नव्हतं. त्याला स्वतःला मरायचं नव्हतं.

माझं मत सरळ आहे. अडचण खेळणाऱ्यांची कधीच नव्हती, पैसा लावणाऱ्यांची होती. तुमचा अनुभव काय? तुम्ही काय म्हणता, "मेलो" की "मेली"?

खडक

निरीक्षण आवडलं, पण निष्कर्ष नेमका उलटा निघतो. तुमच्या भावाच्या तोंडून "मेलो" निघालं याचा अर्थ पात्र बाई आहे की बुवा याने काही फरक पडत नाही. बटण दाबलं की हात उठतो, बाकी सगळं वरचं रंगकाम. 'सुपर मारिओ ब्रदर्स २' मध्ये आम्ही सगळी पोरं राजकन्या पीच घ्यायचो, कारण ती उडी मारल्यावर हवेत थोडा वेळ तरंगते आणि रुंद खड्डे आरामात पार होतात. 'स्ट्रीट फायटर २' आला १९९१ साली. त्यात चुन-ली घेणारे तिच्या भराभर बसणाऱ्या लाथांसाठी घ्यायचे. स्त्री-पुरुष हा विचार मनाला शिवला नव्हता.

'पोर्टल' तर सगळ्यांना माहीत असेल. प्रथमपुरुषी दृष्टीचा गेम, म्हणजे सगळं पात्राच्याच डोळ्यांनी बघायचं; भिंतींत दारं उघडणारी हातातली बंदूक सोडली तर स्वतःचं काहीच दिसत नाही. एकदा कोपऱ्यातल्या दोन भिंतींवर शेजारी शेजारी दारं उघडली आणि पलीकडे कोणीतरी उभं दिसलं. नारिंगी कपडे, टाचांना स्प्रिंगा लावलेली एक बाई. ती मीच होतो. मी खांदे उडवले आणि पुढचं कोडं सोडवायला घेतलं.

फरक पडतच नसेल तर नायिका किती आणि नायक किती, हे मोजत का बसायचं?

निशिगंध

@खडक, कारण फरक पडत नसता तर पारडं इतकी वर्षं एकाच बाजूला झुकलं नसतं. फरक न पडणाऱ्या गोष्टीसाठी कोणी प्रकाशक स्टुडिओला पात्र बदला म्हणून सांगत नाही.

आणि तुमचं "ती मीच होतो" हे वाक्य परत एकदा वाचा. किती सुंदर वाक्य लिहून गेलात!

दीपमाळ

निशिगंध, +१.

जुनाकार्ट्रिज

मी या छंदात फार जुना. 'मेट्रॉइड' १९८६चा. चिलखत घातलेला योद्धा, एका हाताच्या जागी तोफ, परग्रहावर एकटा. इंग्रजी पुस्तिकेतसुद्धा त्याचा उल्लेख 'तो' असाच होता. पाच तासांच्या आत संपवला की शेवटी शिरस्त्राण उतरतं आणि लांब केस दिसतात. सॅमस अरान बाई आहे! तो धक्का मी आजही विसरलेलो नाही. इतके दिवस ज्याच्या अंगात शिरून मी लढलो तो 'तो' नव्हताच.

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं कौतुकाने सांगत आलो. पण तिचा दुसरा भाग सांगायचं टाळत होतो, तो आज सांगतो. तीन तासांच्या आत संपवला तर चिलखत पूर्ण उतरतं. एका तासात संपवला तर ती बिकिनीत उभी राहते. म्हणजे तुम्ही जितके चपळ, तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी. तिने गेमभर केलेल्या पराक्रमाचं बक्षीस तिला नाही, बघणाऱ्याला. हे लक्षात आल्यावर मला मनापासून वाईट वाटलं होतं, कारण सॅमस माझी फार लाडकी.

त्यामुळे खडक यांचं "रंगकाम" मला पटत नाही. खेळताना तुम्ही ती असता हे खरं, पण कॅमेरा कोणाच्या डोळ्यांनी बघतो हा प्रश्न उरतोच.

खडक

कॅमेऱ्याचा मुद्दा मान्य. पण त्याचं उत्तर कॅमेरा सुधारणं हे आहे, नायिकांची संख्या वाढवणं नव्हे. आणि हेही लक्षात घ्या की 'बायोनेटा' गेमच्या त्याच नावाच्या नायिकेचं रूप एका स्त्रीने रेखाटलं, मारी शिमाझाकी यांनी. तिची ती नखरेल ऐट आवडणाऱ्या मुलीही मी पाहिल्यात. सगळंच बघणाऱ्या पुरुषासाठी असतं असं धरून चालणं चूक.

हिशोबी

भावना बाजूला ठेवून आकडे बघू. 'मास इफेक्ट'मध्ये कमांडर शेपर्ड हे मुख्य पात्र पुरुष ठेवायचं की स्त्री हे खेळणाऱ्याच्या हातात. जेनिफर हेल यांचा आवाज लाभलेली स्त्री शेपर्ड समीक्षकांनी डोक्यावर घेतली. तरी तो गेम करणाऱ्या बायोवेअरने २०११ साली सांगितलं की जवळपास १८ टक्के लोकच ती निवडतात. कोणी अडवलं नव्हतं, पर्याय समोर होता. 'बियाँड गुड अँड इव्हिल' (२००३) घ्या. नायिका जेड, व्यवसायाने छायाचित्रकार. गेम अप्रतिम, विक्री निराशाजनक. पैसा लावणारा माणूस हेच बघणार. त्याला खलनायक ठरवू नका.

पर्याय द्यावा, लादू नये, इतकंच माझं म्हणणं.

रिगवाली

@हिशोबी, तुमचा १८चा आकडा खरा आहे. पण मग पुढचाही सांगा. तिन्ही भाग २०२१ साली नव्याने एकत्र आले तेव्हा स्त्री शेपर्ड निवडणारे ३२ टक्के होते. मधल्या काळात काय बदललं? पहिल्या दोन भागांच्या वेष्टनावर आणि जाहिरातींत पुरुषच होता. तिसऱ्या भागाच्या वेळी, २०१२ साली, पहिल्यांदा तिची स्वतंत्र जाहिरात झाली आणि वेष्टनाचा कागद उलटला की ती दिसायची. मागच्या बाजूला! जो पर्याय झाकून ठेवलाय तो लोकांनी निवडला नाही, याला कौल म्हणत नाहीत.

जेडचा गेम त्याच कंपनीच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'शेजारी, त्याच हंगामात बाजारात आला हेही सांगायचं राहिलं. आणि 'हॉरायझन झीरो डॉन'च्या दोन कोटींहून जास्त प्रती खपल्या. तिथे तर पर्यायही नव्हता, ॲलॉय एके ॲलॉय.

मी पात्रांच्या हालचाली करण्याचं काम करते, म्हणून एक गोष्ट पोटतिडकीने लिहिते. 'असॅसिन्स क्रीड युनिटी'च्या वेळी, २०१४ साली, एकत्र खेळण्याच्या भागात स्त्री पात्र का नाही, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की काम दुपटीने वाढलं असतं. काम वाढतं हे खरं आहे. चाल वेगळी, खांदे-कमरेचं वजन वेगळं, मोकळे केस आणि कपड्यांचा घोळ तर विचारूच नका. एक साधी वळून बघण्याची हालचाल मी आठ-आठ वेळा करते. पण त्याच कंपनीने त्याआधी दोनच वर्षं 'लिबरेशन'मध्ये अव्हलिनला नायिका केली होती. हातातल्या छोट्या यंत्रासाठी जमलं आणि मोठ्यासाठी नाही? काम किती आहे यावर हे ठरलं नव्हतं. कोणती कामं आधी धरायची याची यादी असते आणि त्या यादीत ती खाली होती. माझ्या आधीच्या नोकरीतही अशी यादी होती. बायकांच्या हालचाली दर वेळी "वेळ उरला तर" या रकान्यात. वेळ कधीच उरला नाही.

कावेरीकाठ

मी बाई आहे आणि मला निशिगंध यांचं पटत नाही. रागावू नका, खरं तेच लिहिते.

मला नायिका नको असतात. नायक असला की मी निर्धास्त खेळते. तो उडी मारतो, लढतो, जिंकतो. नायिका म्हटली की आधी तिचं दुःख येतं. कोणीतरी मेलेलं, कोणीतरी तिला मारहाण केलेली, कोणीतरी टाकून दिलेली. त्यातून ती कणखर होते. २०१३ची लारा बघा, पहिल्या तासाभरात तिला किती ठेचलंय. तिच्या मरणाची दृश्यंही किती निगुतीने घडवलीत, तुम्ही स्वतःच पहिल्या परिच्छेदात त्याचं वर्णन केलंय. जुन्या, १९९६च्या लाराला कोणी असं कारण विचारलं नव्हतं. तिला थडगी धुंडाळायला आवडायची, बस्स.

'हेलब्लेड' मी हेडफोन लावून सुरू केला. नायिका सेनुआच्या डोक्यातले आवाज कानामागून, मानेपाशी कुजबुजतात. लढाईत तेच आवाज "मागे!" म्हणून सावधही करतात. मानसोपचारतज्ज्ञांना आणि असे आवाज प्रत्यक्ष ऐकणाऱ्या लोकांना विचारून ते काम केलंय, कामाबद्दल आदरच आहे. पण मी दुसऱ्या दिवशी तो बंद केला. दिवसभराचं ओझं उतरवायला मी खेळते, आणखी एकीचं वाहायला नाही.

तुम्ही नायिका मागता. मला फक्त मोकळेपणाने उडी मारणारी बाई हवी आहे. ती मिळेपर्यंत मी नायकच घेईन.

निशिगंध

कावेरीकाठ, या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रतिसाद तुमचा. दोनदा वाचला. सळईच्या दृश्याबद्दल तुमचं बरोबर आहे. मी भावाचा शब्द ऐकत बसले आणि पडद्यावर काय दाखवताहेत ते सोडून दिलं.

पण एक सांगते. 'सेलेस्ट' खेळलात का? मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते. का चढते तर तिलाही नीट माहीत नाही. मध्ये रोपवेचा पाळणा बंद पडतो आणि तिला घाबरण्याचा झटका येतो. सोबतचा थिओ तिला एक पीस डोळ्यांसमोर आणायला सांगतो. आपण बटण दाबायचं, सोडायचं, ते पीस वर-खाली तरंगत ठेवायचं. तो श्वास असतो. खेळताना माझाही श्वास त्या लयीत गेला. दुःख आहे, पण तिला कोणी ठेचलेलं नाही. आणि उडी तर अशी की बोटं दुखेपर्यंत मारत राहावी.

कावेरीकाठ

खेळलेय. तो आवडला. तो मोजते मी.

हिशोबी

'सेलेस्ट' छोट्या चमूचा, छोट्या खर्चाचा गेम. तिथे धोका पत्करता येतो. मोठ्या पैशाचं गणित वेगळं, हे मी अजूनही म्हणतो.

खडक

'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' (२०२०) कोणीच काढला नाही, म्हणून मी काढतो. कथा फुटेल, न खेळलेल्यांनी पुढे वाचू नका.

लोक त्यातल्या ॲबीवर चिडले ते ती बाई, तीही पिळदार दंडांची, म्हणून चिडले, असं सरसकट लिहिलं जातं. मी चिडलो कारण तिने पहिल्या भागाचा नायक जोएल याला मारलं, आणि नंतर गेमने जवळपास अर्धा वेळ तिलाच माझ्या हातात दिलं. पहिल्या भागात जोएल म्हणून जिला जपलं ती एलीसुद्धा मुलगीच की, तिच्यावर कोणाचा राग नव्हता. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना धमक्या आल्या ते अत्यंत हीन होतं, त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण माझ्या रागाला बायकांचा द्वेष म्हटलं तर ते मला लागतं.

जुनाकार्ट्रिज

खडक, तुमच्यावर विश्वास आहे. पण बऱ्याच जणांनी पहिल्यांदा तिच्या दंडांवरच बोट ठेवलं, तेही मी वाचलंय.

निशिगंध

@खडक, एकच विचारते. ॲबी म्हणून खेळताना मरण आलं की तोंडून काय निघायचं?

खडक

"मेली." आठवतंय मला. "मरू दे" सुद्धा म्हणालोय.

निशिगंध

मग माझं पहिलं विधान अर्धवट होतं. पडद्यावर बाई आली म्हणून 'मी' सुटत नाही, पण ज्याचा राग येतो त्याच्या बाबतीत सुटतो. हे मला सुचलंच नव्हतं.

खडक

तीन दिवसांनी परत आलो. तुमच्या प्रश्नामुळे तो नाट्यगृहातला भाग पुन्हा खेळलो, जिथे आपण ॲबी असतो आणि समोर एली. हातात बंदूक नाही, आडोशाने सरपटत जायचं, एलीला मागून गाठायचं. ती बॉम्ब पेरून ठेवते, बंदूक रोखून अंधारात शोधत फिरते. जिला मी आख्खा पहिला भाग जपलं तीच माझ्या मागावर. चौथ्या प्रयत्नात तिने वळून गोळी घातली.

तोंडातून "मेलो" निघालं. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि बराच वेळ तसाच बसलो.

कथेची बांधणी मला अजूनही कच्ची वाटते, त्यावर वेगळा धागा काढतो.