रायफलच्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या तर पितळ की निकेल?

माळरान, टेक्सास
नोव्हेंबरात इथे हरणांचा हंगाम सुरू होतो आणि नेमबाजीच्या रेंजवर निकेलचा मुलामा दिलेल्या पुंगळ्यांचा, म्हणजे झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्यांचा, खच पडतो. रीलोडिंगला, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरायला, नव्याने लागलेले लोक चकाकी बघून त्या वेचतात. माझं मत स्पष्ट आहे: ३०-०६ काडतूस वापरणाऱ्या रायफलसारख्या रायफलींसाठी त्या भरत बसू नका.

आत पितळच असतं, साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. वरचा निकेल मात्र कडक. पुंगळीची मान, म्हणजे गोळी धरणारा अरुंद भाग, गोळी झाडताना फुगते, डायमध्ये (पुंगळी मापात आणणाऱ्या साच्यात) आवळली जाते, नवी गोळी बसवताना पुन्हा ताणली जाते. पितळ हे बराच काळ सोसतं, मुलामा लवकर तडकतो. मानेवर केसाएवढी उभी चीर दिसली की पुंगळी भंगारात. त्यात ट्रिमरने लांबी कापली की तोंडाशी पिवळी कड उघडी पडते आणि मुलाम्याचे बारीक पापुद्रे सुटतात. एखादा डायमध्ये रुतला, तर पुढच्या प्रत्येक पुंगळीवर ओरखडा येतो. घरच्या पितळी भांड्याला पुन्हा कल्हई करता येते, इथे तीही सोय नाही.

ओलंरान
अजिबात पटलं नाही. तुमच्याकडे हवा कोरडी, म्हणून हे चालतं. कातडी पट्ट्यात पितळाची काडतुसं बराच काळ ठेवून बघा, हिरवा चिकट थर धरतो. निकेलवर तो सहजी धरत नाही. शिवाय निकेल गुळगुळीत, पुंगळी चेंबरमधून (बंदुकीत काडतूस बसतं त्या खोबणीतून) अलगद बाहेर येते. समोर जखमी रानडुक्कर असताना अडकलेली पुंगळी परवडत नाही.

आणि पितळ तरी कुठे इतकं भरवशाचं? ब्रिटिश फौजेने भारतात पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवली, ती न झाडताच चिरली. घोड्यांच्या मुतातला अमोनिया पितळाला लागला होता. १९२१ साली संशोधकांनी हे कारण मांडलं.

जुनी_बंदूक
दोघेही रायफलबद्दल बोलताय, म्हणून एवढंच सांगतो. ३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासारख्या सरळ पुंगळीत दाब कमी आणि आवळायला मान नाही. तिथे कार्बाइडची, म्हणजे अतिशय कडक पदार्थाची, डाय असेल तर निकेल खुशाल भरा.

माळरान, टेक्सास
ओलंरान, तुमचा तबेल्याचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. नुसत्या अमोनियाने पितळ चिरत नाही. गोळीभोवती आवळलेल्या मानेत ताण अडकला होता, तिथेच चिरा पडल्या. तो ताण आच देऊन काढतात, त्यालाच ॲनीलिंग म्हणतात. पितळाचा बदलता रंग बघून आच आवरता येते, निकेलखाली तो रंग दिसतच नाही. आणि अमोनिया असलेलं पॉलिश पुंगळ्यांना लावू नये, हे रीलोडिंग करणाऱ्याला माहीत हवंच. तुमचा मुलामा एकदा ट्रिम केल्यावर नेमका तोंडाशीच उरत नाही, मग राखण कोण करणार?

ओलंरान
ॲनीलिंगचं मान्य. पण पुंगळी सहज बाहेर येण्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. सरावाला पितळ आणि शिकारीला निकेल, असं ठेवलं की अंधुक उजेडातही कुठलं काडतूस हातात आहे ते नुसत्या रंगावरून कळतं. निकेलची पुंगळी मी एकदाच भरतो, तीही मान भिंगाखाली तपासून. त्यासाठी नवी डाय घ्यावी लागली तरी घेईन.